वाडा बघायला गेलात तर आधी खांबाच्या पायाशी बसा

आमच्या बेळगावच्या शहापुरातल्या मंडळींना घेऊन मी आजवर चार-पाच वेळा जुने वाडे दाखवायला गेलोय आणि दर वेळी एकच गंमत होतीय, लोक दारात फोटो काढतात, आत काचेच्या कपाटातल्या तलवारी बघतात, एक चक्कर मारतात आणि २० मिनिटांत बाहेर येऊन विचारतात, "झालं? आता जेवायला कुठं?" त्यांची चूक नाही ओ. म्युझियम म्हटलं की कपाटात काय ठेवलंय ते बघायचं ही सवय आपल्याला शाळेच्या ट्रिपपासूनच लागलीय. पण वाड्याचं म्युझियम असलं की बघायची मुख्य वस्तू म्हणजे तो वाडा, कपाटं मागनं आलेली पाहुणी. मीसुद्धा पहिल्यांदा असाच बघून आलेलो. घरी आज्जानं विचारलं, "खांब कशाचे होते?" आणि मला सांगता आलं नाही. आज्जा खानापूर भागातला सुतार. तो तेवढं ऐकून गप्प बसला, आणि ते गप्प बसणं मला अजून लक्षात आहे.

तर हे ज्यांनी लाकडी वाडा कधी नीट बघितलेला नाही त्यांच्यासाठी, आणि बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी असं आपल्या बाजूनं निघणाऱ्यांसाठी. सांगायचं ते क्रमानं सांगतो, पण मधे कुठं भरकटलो तर सांभाळून घ्या.

१. पहिला वाडा आपल्याच गल्लीत बघा

गाडी काढायच्या आधी हे करा, फुकट आहे. बेळगावच्या जुन्या गल्ल्यांमधे, शहापूर-वडगावात, खानापूरच्या बाजूला कुठल्याही गावात कौलारू घर अजून आहेच. तुमचं नसेल तर मावशीचं, आत्याचं असेल. दुपारी चहाला म्हणून जा आणि सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, बसून वर बघा. डोक्यावर जे आडवं जाड लाकूड एका खांबावरनं दुसऱ्या खांबावर गेलंय ती तुळई. तुळयांवर आडव्या बसवलेल्या बारक्या लाकडांना कड्या म्हणतात, कड्यांवर फळ्या, ह्या सगळ्याला मिळून कडीपाट. खांब आणि तुळई जिथं भेटतात तिथं दोन्ही बाजूंना हात पसरल्यासारखं जे लाकूड असतंय त्याला हस्त म्हणतात, नाव अगदी बरोबर, ओझं उचलायला हात लावल्यासारखंच दिसतं ते. आणि खांबाच्या खाली दगड असतो, त्याला कुणी तळखडा म्हणतं, कुणी उथळं. दोन खांबांच्या मधली जागा म्हणजे खण. "पाच खणी माडी होती आमची" असं म्हातारी माणसं सांगतात ना, ते हेच, त्यांना चौरस फूट माहीत नव्हते, घर खणांत मोजायचे.

एवढे सहा-सात शब्द आले की पुढं कुठलाही वाडा तुम्हाला वाचता येतो. नाही आले तर सगळं "जुनं लाकूडकाम" एवढंच दिसतं.

आपल्या जिल्ह्याची एक मजा इथंच बघून घ्या. खानापूर-बेळगाव बाजूला पाऊस धो धो, म्हणून उतरती कौलं. तेच पूर्वेला अथणी-रायबागच्या अंगाला गेलात की पाऊस कमी आणि ऊन जास्त, तिथं माळवदाची घरं, म्हणजे कडीपाटावर जाड मातीचा थर देऊन सपाट धाबं. लाकूड दोन्हीकडं आहे पण काम वेगळं. इकडं लाकूड उतरतं छप्पर धरून ठेवतंय, तिकडं डोक्यावर टनावारी माती पेलतंय, म्हणून तिकडं कड्या जवळ जवळ बसवलेल्या दिसतात.

२. मग कित्तूर, जिथं लाकूड उरलेलं नाही

हे वाचून लोक बुचकळ्यात पडतात, लाकडी वाडा बघायचाय आणि हा माणूस पडक्या किल्ल्यात कशाला पाठवतोय. पण ऐका तर.

कित्तूर बेळगावहून धारवाडच्या रस्त्यावर ५० किमीच्या आसपास. सीबीटीवरनं, म्हणजे बेळगावच्या मुख्य बसस्टँडवरनं, धारवाड-हुबळीकडं जाणाऱ्या भरपूर बस आहेत, फक्त चढायच्या आधी कंडक्टरला कित्तूर गावात जाते की हायवेला सोडते हे विचारून घ्या, नाहीतर उन्हात चालत जायची पाळी येते. बायकांना कर्नाटकच्या साध्या बसमधे शक्ती योजनेत तिकीट लागत नाही (२०२३ च्या जूनपासून), पण राज्यातला पत्ता असलेलं ओळखपत्र जवळ पाहिजे, फोटोकॉपीवर हुज्जत घालत बसू नका. गावात पोचलात की किल्ला कुणीही दाखवतंय.

राणी चन्नम्माचा इतिहास आपल्याकडं पोरासोरांना माहीत आहे. दत्तक वारस कंपनी सरकारनं नाकारला, २३ ऑक्टोबर १८२४ ला लढाईत कलेक्टर थॅकरे मारला गेला, डिसेंबरात इंग्रज मोठी फौज घेऊन परत आले आणि किल्ला पडला, राणी बैलहोंगलला कैदेत गेली आणि १८२९ मधे तिथंच वारली. पण आपण आज ज्या कामाला गेलोय ते वेगळं. किल्ल्यातला राजवाडा आज म्हणजे जोती, जाडजूड भिंती, कोनाडे, न्हाणीघरातले हौद, आणि ध्रुवतारा बघायचं म्हणून दाखवतात ते भिंतीतलं गोल भोक. वर छप्पर नाही. त्यामुळं घराचा नकाशा जमिनीवर उघडा पडलाय, चालत चालत वाचता येतो. दारातनं आत आलात, ही देवडी असणार, पहारेकऱ्यांची जागा, इथनं उजेड यायचा म्हणजे हा चौक, चौकाभोवती फिरती ओसरी, आत आत गेलं की खोल्या लहान आणि खाजगी होत जातात. भरल्या वाड्यात हे कळत नाही, कारण तिथं आपली नजर नक्षीवर अडकते.

आणि आता किल्ल्यातल्याच म्युझियममधे जा. तलवारी, चिलखत, वीरगळ, शिलालेख सगळं आहे, बघा की, पण तुम्ही शोधायच्या त्या ह्याच राजवाड्यातल्या चौकटी, खिडक्यांची कवाडं. वाडा बाहेर उन्हात आणि त्याचं लाकूड आत सावलीत. एखाद्या चौकटीसमोर उभं राहून मनातल्या मनात ती बाहेरच्या भिंतीत नेऊन बसवून बघा, कुठल्या दाराची असेल, उंची किती, माणूस वाकून जात असेल की ताठ. हा खेळ मी भाच्याला शिकवला तर तो दोनदा बाहेर पळत जाऊन पावलांनी रुंदी मोजून आला. वय ११. त्याआधी अर्धा तास तो "घरी कधी जायचं" एवढंच म्हणत होता.

२३ ऑक्टोबरच्या सुमारास कित्तूर उत्सव असतो तेव्हा मात्र जाऊ नका, म्हणजे उत्सवाला जरूर जा, पण वाडा बघायला म्हणून नको, गर्दीत भिंतसुद्धा दिसत नाही.

३. आता लाकूड उभं असलेला वाडा: शिमोगा की पुणे

इथं बरेच जण सांगतात सावंतवाडीला जा, आंबोली उतरलं की आलंच. राजवाडा सुंदर आहे, मोती तलाव समोर, आत गंजिफा (हातानं रंगवलेले पत्ते) आणि लाखकाम, जावंच. पण तो लाकडी वाडा नव्हे, दगडविटांचा आहे. कोल्हापूरचा न्यू पॅलेसही दगडीच. खांब-तुळईचं घर बघायचं तर आपल्याकडनं दोन वाटा आहेत, एक दक्षिणेची आणि एक उत्तरेची.

दक्षिणेला शिमोगा, म्हणजे शिवमोग्गा. हुबळी-हावेरी करत जायचं, एका दिवसात जाऊन-येऊन करायच्या भानगडीत पडू नका, एक रात्र तिथं मुक्काम टाका. तिथला शिवप्पा नायक पॅलेस हे राज्याच्या पुरातत्त्व खात्याचं म्युझियम आहे. शिवप्पा नायक केळदीचा १७ व्या शतकातला राजा, पण इमारत आज दिसते ती १८ व्या शतकातली, हैदर अलीच्या काळातली असं जाणकार सांगतात. नाव कुणाचंही असो, आत गेलात की दोन मजले उंच दरबार आणि शिसवीचे जाडजूड खांब, खांबांना जोडणाऱ्या लाकडीच महिरपी, वरच्या मजल्यावरच्या खोल्यांचे सज्जे खाली दरबारात डोकावणारे. बाहेर आवारात होयसळ आणि केळदीच्या काळातली दगडी शिल्पं मांडलीत. बहुतेक लोक शिल्पांपाशीच जास्त वेळ काढतात. तुम्ही आधी आत जा.

उत्तरेला पुणे. आपल्या बाजूच्या कुणाचा ना कुणाचा पोरगा किंवा पोरगी पुण्यात असतेच, त्यामुळं राहायचा प्रश्न सुटलेला. रात्रीच्या गाडीनं निघायचं, मिरजेवरनं सकाळी पुण्यात, आणि क्रम असा ठेवायचा: आधी शनिवारवाडा, मग विश्रामबागवाडा. शनिवारवाडा आधी का, तर जे कित्तूरला तेच इथं. १७३२ मधे वास्तुशांत झालेला एवढा थोरला वाडा, १८२८ च्या आगीत लाकूड सगळं जळालं, राहिली ती दगडी जोती, तटबंदी आणि कारंजं. फक्त दिल्ली दरवाजावरचा नगारखाना बघून घ्या, तिथं लाकडी खांब अजून आहेत, जळालेल्या घराची नमुन्याला राहिलेली वीतभर चिंधी म्हणा. तिथनं बाजीराव रोडनं पंधराएक मिनिटं चालत आलात की विश्रामबागवाडा. दुसऱ्या बाजीरावानं १९ व्या शतकाच्या सुरुवातीला राहायला बांधला, १८१८ ला पेशवाई गेली, १८२१ मधे इंग्रजांनी तिथं संस्कृत पाठशाळा काढली, १८७९ मधे कुणी आग लावली त्यात थोडा जळाला, नंतर नगरपालिकेची कचेरी झाला, आणि एवढं सगळं होऊन दर्शनी भाग आणि सज्जा अजून उभा. रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवरनं आधी पूर्ण दर्शन घ्या, जवळ गेलं की मान मोडते आणि दिसत काही नाही. खांब सुरूच्या झाडासारखे, खाली फुगीर आणि वर निमुळते, वर केळफुलांसारखी नक्षी. दुरुस्तीचं काम चालू असलं की आतला काही भाग बंद ठेवतात, त्यामुळं पुण्यातल्या पोराला आदल्या दिवशी एक चक्कर मारून बघायला सांगा, तेवढा तरी उपयोग होऊ दे त्याचा.

वेळ उरला तर त्याच रस्त्यानं पुढं राजा दिनकर केळकर म्युझियम. तिथं कोथरूडहून उचलून आणलेला मस्तानी महाल परत उभा केलाय, आणि अडकित्ते, दिवे, गणेशपट्ट्या (दाराच्या चौकटीवरची गणपती कोरलेली पट्टी), कोरीव दारं. घर कसं उभं राहतं ते विश्रामबागेत कळतं, घरात माणसं काय वापरायची ते इथं.

दोन्हीतलं एक निवडायचं तर? मला विचाराल तर शिमोगा. पुण्यात ट्रॅफिकच्या आवाजात वाड्याचा आवाज ऐकू येत नाही. पण म्हातारी माणसं बरोबर असतील तर पुणे, रेल्वे आहे आणि ओळखीपाळखी.

४. निघायच्या आधी, पटकन

सोमवार टाळा, बरीच सरकारी म्युझियमं सोमवारी बंद असतात, आणि सरकारी सुट्टीचं आधी फोन करून विचारा. मी एकदा बायको, दोन पोरं आणि सासूबाईंना घेऊन दीडशे किलोमीटर गेलो तर दाराला कुलूप. तो वाडा कुठला ते सांगत नाही, चूक माझीच होती, पण सासूबाई परतीच्या वाटेवर काही बोलल्या नाहीत हे जास्त लागलं.

सुट्टे पैसे ठेवा, सगळीकडं स्कॅनर असतोच असं नाही. छोटी टॉर्च घ्या, मोबाईलची चालते पण चार्जिंग खाते. सहज काढता येतील अशा चपला घाला, काही ठिकाणी बाहेर काढायला लावतात, बुटांच्या नाड्या सोडत बसू नका. पाणी आणि बाथरूम दोन्ही आत जायच्या आधी. पावसाळ्यात जायला बरं वाटतं, कौलांवरचा आवाज छान असतो हे खरं, पण लाकूड फुगतं, दारं अडकतात, आतला उजेड मेलेला असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. दिवसाची वेळ सकाळी १० च्या सुमारास किंवा दुपारी साडेतीनच्या पुढं, ऊन तिरकं आलं की नक्षी उठून दिसते, डोक्यावरच्या उन्हात सगळं सपाट.

५. आत गेल्यावर

दारातच थांबा. मोठ्या वाड्याच्या मोठ्या दारात एक छोटं दार असतंय, दिंडी दरवाजा. त्यातनं वाकून, आधी एक पाय घालून जावं लागतं. नम्रता शिकवायला असं केलं म्हणून गाईड सांगतात, आज्जा म्हणायचा कसली नम्रता, वाकून एकेक आत येणारा माणूस तलवार चालवू शकत नाही म्हणून. काय खरं ते तुम्ही ठरवा. दाराच्या मागं जाऊन अडसर बघा, म्हणजे भिंतीत सरकून जाणारं आडवं लाकूड, त्याची भिंतीतली खाच केवढी खोल आहे त्यात टॉर्च मारून बघा. उंबऱ्यावर पाय देऊ नका, देवाधर्माचं सोडा, तो झिजतो.

आत आलात की पाच मिनिटं काही करू नका. खरंच. बाहेरच्या उन्हातनं आल्यावर वाडा काळोखा वाटतो आणि लोक लगेच म्हणतात "काय अंधार आहे, कसे राहत होते." डोळे सरावले की कळतं उजेड आहे, चौकातनं येतोय, आणि तो वरनं खाली न येता फरशीवरनं परतून वर जातोय, म्हणून कडीपाटाची खालची बाजू दिसते. खिडक्या लहान कारण उन्हाळ्यात गारवा पाहिजे आणि रात्री चोर नको.

आता बसा. खांबाच्या पायाशी, खाली जमिनीवर. लाजायचं नाही. तळखड्याचा दगड आणि लाकूड जिथं टेकतं ती फट बघा. लाकूड जमिनीवर उभं केलं की ओल चढते आणि मागनं वाळवी, म्हणून मधे दगड. साग वाळवीला सहसा दाद देत नाही कारण त्याच्यात तेल असतं, पण आतला गाभा तेवढा, बाहेरचं पांढरं लाकूड वाळवी आनंदानं खाते. खांबाच्या खालच्या वीतभरात नवीन लाकडाचं ठिगळ लावलेलं दिसलं की समजायचं कधीतरी इथं पाणी आलेलं. खांबावर उभ्या चिरा असतील तर घाबरू नका, लाकूड वाळताना तडकतंच, आडवी चीर दिसली तर ती खरी काळजीची. मातीच्या बारीक नळ्या खांबावरनं वर चढलेल्या दिसल्या तर ती वाळवी, आणि तिथल्या माणसाला तेवढं सांगून टाका, त्यांनी कदाचित बघितलेली नसते.

मग नजर सावकाश वर न्या. खांबाला मधेच चौकोनी भोकं दिसतील, रिकामी. ती साल, म्हणजे कुसू बसवायची खाच. एका लाकडाला जीभ काढायची, दुसऱ्याला खाच पाडायची आणि ठोकून बसवायचं, त्याला साल-कुसू म्हणतात, लोखंडी खिळ्याशिवाय घर उभं राहायचं ते ह्याच्यावर. रिकामी साल असेल तर अर्थ दोनच, एकतर इथं पूर्वी फळ्यांची भिंत किंवा कठडा होता आणि तो काढला, नाहीतर हा खांबच दुसऱ्या जुन्या घरातनं आणलाय. जुनं सागवान कुणी फेकत नसे, एका वाड्याचं लाकूड दुसऱ्या वाड्यात, तिथनं गोठ्यात असा प्रवास करायचं. सांध्याच्या जवळ टॉर्च तिरकी मारली तर कधी कधी छिन्नीनं कोरलेल्या रेघा, फुल्या, आकडे सापडतात. सुतार सगळं खाली जमिनीवर जुळवून बघायचे, खुणा करायचे, मग सुटं करून वर चढवायचे. आज्जा स्वतः करायचा म्हणून मला माहीत. कोरीव मोर आणि पोपट सगळे बघतात, ती रेघ कुणी बघत नाही, आणि मला विचाराल तर सबंध वाड्यात सुतार स्वतः कुठं भेटत असेल तर त्या रेघेत.

लाकूड कशाचं ते ओळखायचं? पॉलिश केलेलं असलं की अवघड, पण शिसव काळपट-जांभळी आणि हाताला नाही तर नुसत्या नजरेलाही जड वाटते. साग सोनेरी-तपकिरी, उभ्या रेघा. फणस पिवळसर आणि जुना होईल तसा लालसर. हात लावू नका, बघूनच. हाताचा घाम आणि तेल लागून नक्षी काळी होत जाते, दारांजवळच्या खांबांवर कमरेच्या उंचीला काळा चकचकीत पट्टा दिसेल तो आपल्यासारख्यांनीच केलेला आहे.

आणि आता माझा सगळ्यात आवडता भाग, लोखंडी कड्या, मघाच्या छताच्या लाकडी कड्या नव्हेत. तुळयांना खालनं कड्या आणि आकडे अडकवलेले असतात, ते शोधा. पुढच्या सोप्यात चार कड्या चौकोनात असतील तर तिथं झोपाळा होता. आतल्या माजघरात एकच मजबूत आकडा, थोडा आडबाजूला, तिथं पाळणा. त्या खोलीत कोण जन्मलं असेल, कोण रडलं असेल. तुळई काळी कुळकुळीत असेल तर खाली चूल होती, पाटी काहीही म्हणो. जमिनीत गोल खळगा म्हणजे उखळ. भिंतीतलं फडताळ, त्याच्या शेजारी दिव्याचा कोनाडा आणि कोनाड्याच्या वर काजळीची जीभ. पाटीवर "कक्ष क्रमांक ४" लिहिलेलं असतं आणि तुम्हाला मात्र कळलेलं असतं की इथं कुणीतरी रात्री दिवा लावून हिशोब लिहीत बसायचं. पोरं बरोबर असतील तर त्यांना एकच काम द्या, सगळ्या लोखंडी कड्या मोजायच्या. गप्प राहतात, वर बघतात, आणि मोठ्यांपेक्षा दोन जास्त सापडतात त्यांना.

हे सगळं झाल्यावर कपाटातल्या वस्तू बघा. आता त्या कुठल्या खोलीतल्या ते तुमचं तुम्हालाच सांगता येईल.

६. माडी

जिना बहुतेक वेळा भिंतीच्या जाडीत लपलेला असतो, अरुंद, काळोखा आणि खडा. वर जाताना काही वाटत नाही, उतरताना गुडघे बोलतात. म्हाताऱ्या माणसांनी उतरताना तोंड जिन्याकडं करून उलटं उतरावं, शिडीवरनं उतरतात तसं, लाज वाटली तरी. बायकांनी साडीचा घोळ आधी खोचून घ्या. वर एका वेळी किती माणसं चालतील हे तिथला माणूस सांगतो ते ऐका, जुन्या तुळईवर २० जणांचा ग्रुप एका कोपऱ्यात सेल्फीला जमला की तिला काय वाटत असेल. नाचू-उड्या मारू देऊ नका पोरांना. वर बंद असेल तर बंद, वाद घालू नका.

उघडी असेल तर माडीवरच्या खिडकीत खाली बसून बघा, उभं राहून नाही. जुन्या खिडक्या बसणाऱ्या माणसाच्या नजरेला काढलेल्या असतात, उभ्या माणसाला नुसता कठडा दिसतो आणि आपण म्हणतो खिडकी बुटकी आहे. खिडकी बुटकी नाही ओ, आपण खुर्चीवाले झालो.

७. भाषेचं आणि माणसांचं

कर्नाटकातल्या म्युझियममधे पाट्या कन्नड आणि इंग्रजीत. आमच्या पिढीतले मराठी शाळेतले लोक कन्नड अक्षरं जोडत जोडत वाचतात, नव्या पोरांना येतं, त्यांना पुढं करा. पण वाड्याच्या बाबतीत भाषा तशी लांबची नाही. खांबाला कन्नडमधे कंब, तुळईला तोले, कडीला जंती, खणाला अंकण, आणि आपण पडसाळ म्हणतो तिला पडसाले. सुतारांनी भाषेची सीमा कधी पाळलेली दिसत नाही. शिमोग्यात मी तिथल्या वयस्क राखणदाराला विचारलं, "अण्णा, कंब नोडबेक्रि," खांब बघायचेत म्हणून, तर तो हसला, म्हणाला सगळे विचारतात टॉयलेट कुठं, तू पहिला कंब विचारणारा. मग तासभर सोबत फिरला. "मेले होगबहुदा?" म्हणजे वर जाऊ का, एवढं दुसरं वाक्य पाठ करून ठेवा. तिसरं लागत नाही.

राखणदार मंडळींना अहो-जाहो करा, काका म्हणा, अण्णा म्हणा. त्यातल्या काहींचे वडील त्याच वाड्यात कामाला होते असंही निघतं कधी कधी. फोटोला परवानगी आधी विचारा, फ्लॅश कुठंच नको. मोठा कॅमेरा असेल तर वेगळे पैसे पडू शकतात.

८. परत आल्यावर

हे लोक सांगत नाहीत म्हणून सांगतो. वाडा बघून आलात की आठवडाभरात त्या पहिल्या गल्लीतल्या घरात परत जा, ताजं असतं तोवर. ह्या वेळी टेप घेऊन जा. खांब किती जाड, दोन खांबांत अंतर किती, खण किती, हस्तावर काय कोरलंय, लोखंडी कड्या कुठं कुठं, हे वहीत लिहा, खोलीवार फोटो काढा. कारण आपल्याकडं जुनी घरं पाडून आरसीसी उठवायचं काम जोरात चालू आहे आणि ज्यांना त्या घरात राहायचंय, गळकी कौलं दर पावसाळ्यात परतायचीत, त्यांना नावं ठेवायचा मला तरी हक्क नाही. आमचंही पाडलं.

पाडायचं ठरलंच असेल तर एवढं करा. जुन्या लाकडाचा व्यापारी येतो तो घनफुटावर सगळा लॉट मागतो, चौकट, खांब, तुळया एकत्र. एका माणसाच्या बोलण्यावर देऊ नका, दोघा-तिघांना दाखवा, आणि गणेशपट्टीची चौकट आणि एक तरी खांब तळखड्यासकट बाजूला काढा. काढताना कुऱ्हाड आणि पहार लावू देऊ नका, साल-कुसू जसा बसवला तसा उलट ठोकून सुटतो, पण त्याला जाणता सुतार आणि एक दिवस जास्त लागतो. प्रत्येक तुकड्यावर खडूनं आकडा लिहा, खडू पुसतो म्हणून वर पेन्सिलनं पण लिहा, आणि तोच आकडा फोटोच्या मागं किंवा वहीत.

आमची चौकट आता काकाच्या गच्चीवर पत्र्याखाली उभी आहे. उतरवताना वरच्या पट्टीच्या मागच्या अंगाला, भिंतीत गेलेल्या बाजूला, छिन्नीच्या तीन रेघा आणि एक फुली निघाली. आज्जा तोवर गेलेला होता, कुणाची खूण म्हणून विचारायचं राहिलं. त्याच्या खाली मी पेन्सिलनं १ लिहिलंय.